च्वांग राजा आला की सारा माफ

मंडळी, १६२९ साली चीनवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या बीजिंग दरबारात खर्चाची तोंडमिळवणी होईना, म्हणून बादशहा चोंगझेनने सरकारी डाकचौक्या कमी करण्याचा हुकूम काढला. तिजोरीत थोडी चांदी वाचली. पण चौकीचौकीवरचे हरकारे आणि हमाल उघड्यावर पडले. त्यांत वायव्येकडच्या शान्शी प्रांतातला, मिझी इथला एक विशीतला गडी होता. नाव ली झिचेंग. पंधरा वर्षांनी हाच माणूस घोड्यावरून बीजिंगच्या राजवाड्यात शिरला.

एका माणसाची नोकरी गेली आणि राजवट पडली, असं काही मला म्हणायचं नाही. त्या वेळचं शान्शी कसं होतं ते बघा. सलग काही वर्षं पावसाने दगा दिलेला. १६२९ मध्येच मा माओत्साय नावाच्या अधिकाऱ्याने बादशहाला एक अर्ज लिहिला. यान-आनच्या भागात लोक आधी डोंगरावरचं रानगवत खातात, ते संपलं की झाडांच्या साली, आणि त्याही संपल्या की एक प्रकारचा मऊ दगड उकरून खातात. त्याने पोट फुगतं आणि माणूस मरतो, असं त्याने कळवलं. आपल्याकडेही १६३० ते १६३२ या काळात दख्खनचा तो भीषण दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली पत्नी त्यातच गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे शान्शीच्या शेतकऱ्याचं दुःख मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

दुष्काळात सरकारने काय करावं? सूट द्यावी. इथे उलटं झालं. ईशान्येकडच्या मांचू लोकांशी लढाई चालू होती, तिच्यासाठी १६१८ पासून साऱ्यावर जादा पट्टी बसवली होती. पुढे बंडखोरांना मोडण्यासाठी दुसरी पट्टी आली आणि फौजेच्या कवायतीसाठी तिसरी. म्हणजे पट्टीमुळे माणसं बंडात जायची, आणि ते बंड मोडायला आणखी पट्टी लागायची. या चक्रातून मिंग दरबार अखेरपर्यंत बाहेर पडला नाही.

ली बंडात सामील झाला. गाओ यिंगश्यांग हा त्या वेळचा मोठा पुढारी, त्याला लोक च्वांग राजा म्हणत, म्हणजे थेट चाल करून जाणारा. १६३६ मध्ये सरकारने त्याला पकडून मारलं, आणि ते बिरुद पुढे लीकडे आलं. १६३८ च्या सुमारास त्याचा असा पराभव झाला, की अवघ्या अठरा स्वारांनिशी तो डोंगरात पळाला, असं सांगतात. आकडा खरा असो वा नसो, तो संपल्यात जमा होता हे खरं.

तो उठला तो हनान प्रांतात. तिथेही दुष्काळ होता, टोळधाड होती. १६४१ च्या सुरुवातीला त्याने लोयांग घेतलं. तिथे चोंगझेनचा चुलता, फूचा राजपुत्र, अफाट जमिनी आणि भरलेली कोठारं घेऊन बसला होता. शहराबाहेर माणसं अन्नावाचून मरत होती. लीने त्याला ठार केलं आणि कोठारं भुकेल्यांना खुली केली. लीभोवती लाखांनी माणसं जमली ती यानंतर. गावोगाव पोरांच्या तोंडी गाणं आलं: दारं उघडा, च्वांग राजाचं स्वागत करा, च्वांग राजा आला की धान्य भरायला नको.

माझ्या मते लीचं सगळं बळ या ओळीत होतं आणि त्याची अडचणही. सारा घ्यायचा नाही, हे वचन भुकेल्याला देव वाटावं असंच आहे. पण लाखाची फौज खाणार काय? श्रीमंतांची कोठारं फोडून एखादं वर्ष निघतं. काइफंगसारखं शहर घ्यायला मात्र वेढ्यांवर वेढे घालावे लागले, तिथे बाण लागून त्याचा डोळा गेला, आणि १६४२ मध्ये पीत नदीचे बांध फुटून ते शहरच बुडालं. दोन्ही पक्ष एकमेकांवर आळ घेत राहिले. मेली ती रयत.

१६४४ च्या आरंभी त्याने शीआनमध्ये शुन राजवट जाहीर केली आणि २५ एप्रिलला बीजिंग पडलं. चोंगझेनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. आता राज्य चालवायचं होतं, आणि जनतेकडून काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. मग पैसा आला मिंग अधिकाऱ्यांना पिळून. सेनापती ल्यू झोंगमिनने त्यांचे हातपाय लाकडी चापात चेचून चांदी वसूल केली. जे नोकरशहा नव्या राजाच्या दारात हात जोडून उभे होते, तेच लीने गमावले. १९४९ च्या मार्चमध्ये बीजिंगकडे निघताना माओंनी सहकाऱ्यांना बजावलं होतं, की आपल्याला ली झिचेंग व्हायचं नाही.

सीमेवर शानहाय खिंडीत मिंग सेनापती वू सानग्वे फौज घेऊन बसला होता. तो लीला शरण आला नाही, त्याने मांचूंना साद घातली. २७ मे रोजी दोघांनी मिळून लीची फौज उधळली. परत येऊन लीने घाईघाईने राज्याभिषेक उरकला आणि दुसऱ्याच दिवशी राजवाड्याला आग लावून तो पश्चिमेकडे निघाला. राजधानीत तो जेमतेम सहा आठवडे होता. पुढच्या वर्षी हुबेच्या च्योगोंग डोंगरात तो मारला गेला, बहुधा गावकऱ्यांच्याच हातून. तो वाचला आणि भिक्षू होऊन राहिला, अशीही कथा लोकांनी जपली आहे.

मांचूंचा कारभारी दोर्गोन जूनमध्ये बीजिंगमध्ये शिरला. त्याने मेलेल्या मिंग बादशहासाठी सुतक पाळायला लावलं, जुन्या अधिकाऱ्यांना जागेवर ठेवलं, आणि त्याच वर्षी त्या तिन्ही जादा पट्ट्या रद्द केल्याचं जाहीर केलं. मूळ सारा मात्र चालू राहिला.