शिट्टी वाजवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

कुस्तीत पंच चुकतात ते बहुतेक वेळा नियम माहीत नसल्याने नव्हे, तर चुकीच्या जागी असल्याने. चितपटच घ्या. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले आणि वरच्या मल्लाचा पूर्ण ताबा दिसला, की कुस्ती निकाली. पण पंच वरच्या मल्लाच्या पाठीमागे आडवा झाला, तर पलीकडचा खांदा छातीखाली झाकला जातो. तो बोटभर उचललेला असला तरी तिथून कळत नाही. डोक्याच्या बाजूने, नजर मॅटच्या पातळीत आणली की खांद्याखालची फट दिसते. मात्र मॅटच्या कडेला बसलेले साइड पंच आणि तिघांतले प्रमुख असलेले मॅट चेअरमन यांची नजर अडेल इतकं जवळही जायचं नाही.

कारण मधल्या पंचाला एकट्याने चितपट देता येत नाही. या दोघांपैकी एकाची संमती घ्यायची, मगच मॅटवर हात मारून शिट्टी फुंकायची. घाईत हा क्रम उलटतो. शिट्टी ऐकून खालचा मल्ल अंग सोडतो. मग रिप्लेत खांदा वर दिसला, तरी ती पकड जशीच्या तशी पुन्हा कशी लावणार?

फ्रीस्टाइलमध्ये कडेचा गुणही असाच निसटतो. 9 मीटरच्या वर्तुळाबाहेर अख्खं पाऊल पडलं की समोरच्याला 1 गुण. पंचाचं लक्ष हातांच्या पकडीत गुंतलेलं असतं. म्हणून पाय साइड पंचाने बघायचे.

चालढकलीचं, म्हणजे लढायचं टाळण्याचं काय? आधी तोंडी ताकीद, मग 30 सेकंदांची मुदत. त्यात कुणीच गुण घेतला नाही तर प्रतिस्पर्ध्याला 1. हे पहिल्या मिनिटापासून पाळलं नाही, तर शेवटी बरोबर दिलेला गुणही अन्याय वाटतो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 65 किलोच्या कांस्यपदकाच्या लढतीत मंगोलियाचा मंदाखनारन 7-6 ने पुढे होता. वेळ संपण्याआधीच तो जल्लोष करू लागला, टाळाटाळीचा गुण समोरच्याला गेला आणि पदक उझबेकिस्तानच्या नवरुझोवने नेलं. मंगोलियाच्या प्रशिक्षकांनी मॅटवरच कपडे उतरवले! त्याने काय साधणार?

दाद मागायची रीत वेगळी. गुण फलकावर लागल्यापासून 5 सेकंदांत प्रशिक्षकाने चॅलेंजचा, म्हणजे रिप्ले बघायची मागणी करणारा, स्पंज मॅटवर टाकायचा, तोही मल्लाची तयारी असेल तरच. चॅलेंज फसलं की हक्क संपतो आणि समोरच्याला 1 गुण मिळतो. एका गुणाची आघाडी असेल तर बरोबरी होते. मग आधी मोठ्या गुणांचे डाव मोजतात, नंतर कुणाच्या ताकिदी कमी ते, आणि तेही सारखं निघालं तर शेवटचा तांत्रिक गुण कुणाचा ते.