पानं कुणाला दिसतात?

नमस्कार मंडळी. विषय कळवला तेव्हा तुमच्या कार्यवाहांनी मला हळूच विचारलं होतं, "गणपतीसमोर पत्त्यांवर बोलणार?" मी म्हटलं, जागरणाच्या रात्री मंडपात कार्यकर्ते काय करतात ते मला ठाऊक आहे. मग ते काही बोलले नाहीत.

सुरुवात आजोळापासून करतो. मे महिन्यात दुपारी मेंढीकोटचा डाव पडायचा आणि माझा मामा पाहुण्याला अगदी आग्रहानं काचेच्या कपाटाला पाठ करून बसवायचा. "इथे बसा, इथे वारा येतो." आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पाहुण्याच्या हातातली पानं मागच्या काचेत दिसायची आणि समोर बसलेला मामा ती वाचायचा. त्यानं आयुष्यात कधी पान लपवलं नाही, पिसताना हातचलाखी केली नाही. तो फक्त जागा निवडायचा. पकडला गेला तो मामीमुळे. तिला पत्त्यांतलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं दिसलं की, हे एरवी हरतात, त्या एका जागेवर बसले की यांची एकही दश्शी मरत नाही.

आज ज्या फसवणुकीबद्दल बोलायचंय ती जवळजवळ सगळी या कपाटाच्या जातीची आहे. ऑनलाइन रमीत हरलेला माणूस म्हणतो, "कंपनी मुद्दाम वाईट पानं देते." असं कुठे होतच नसेल, असं मी म्हणत नाही. पण जी मोठी प्रकरणं पुराव्यानिशी बाहेर आली, त्यांत पानं कुणी बदलली नव्हती. कुणीतरी ती बघत होतं.

साधी गोष्ट आहे. घरी खेळताना माझी पानं माझ्या हातात असतात, तुमची तुमच्या. सगळी बावन्न पानं एकाच वेळी उघडी बघणारं कुणी नसतं. ऑनलाइन खेळात असा एक जण असतो, सर्व्हर. पिसतो तो, वाटतो तो, कुणाकडे काय आहे ते ठाऊक त्याला. म्हणजे फसवायचं तर दोन रस्ते. एक, सर्व्हरनं कसं पिसलं ते ओळखायचं. दुसरा, सर्व्हरच्या किंवा दुसऱ्या खेळाडूच्या खांद्यावरून डोकवायचं.

पहिल्या रस्त्याचं माझं आवडतं उदाहरण १९९९ सालचं आहे. प्लॅनेट पोकर नावाची साइट होती. ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग मध्ये पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडी, आणि दर टप्प्याला पैसे लावायचे. तीन पत्तीचा शिकलेला भाऊ समजा. आम्ही किती सचोटीनं पिसतो हे दाखवायला या साइटचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी पिसण्याची पद्धतच जाहीर करून टाकली. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीतल्या लोकांनी ती वाचली आणि त्यांना हसू आवरेना.

एक चूक लहान, पण मजेची. ते प्रत्येक पान उचलून पूर्ण जोडातल्या कुठल्याही पानाशी अदलाबदल करत होते. ऐकायला निर्दोष वाटतं. घरी तीन पानांवर करून बघा. तीन वेळा, दर वेळी तीन पर्याय, म्हणजे सत्तावीस रस्ते. पण तीन पानांचे क्रम होतात सहाच. सत्तावीसला सहानं पूर्ण भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच. शाळेत हे गणित असं शिकवलं असतं तर मागच्या बाकावरचे आम्ही पुढे येऊन बसलो असतो.

मोठी चूक वेगळीच होती. बावन्न पानांचे क्रम किती? अडुसष्ट आकडी संख्या. तिला आपल्या भाषेत नाव नाही, परार्धही तिच्यापुढे सुटे पैसे. पण संगणकाला मनानं पिसता येत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला बीज म्हणतात, आणि त्या बीजातून पुढचं सगळं ठरतं. त्यांचं बीज बत्तीस बिटांचं, म्हणजे फार तर सव्वाचार अब्ज डाव. आणि ते बीज घेतलं कुठून? घड्याळातून. मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, तो आकडा. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. म्हणजे अडुसष्ट आकडी समुद्रातून हे लोक दिवसभरात ८ कोटी ६४ लाख थेंबच उपसू शकत होते. मग या मंडळींनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं आणि शक्यता उरल्या सुमारे दोन लाख. आपली दोन पानं आणि मधली पहिली तीन उघडी, अशी पाच पानं कळली की प्रोग्रॅम दोन लाखांतून नेमका डाव शोधायचा. समोरच्या प्रत्येकाकडे काय आहे आणि पुढचं पान कुठलं पडणार, सगळं पडद्यावर, खेळ चालू असताना. त्यांनी पैसे उकळले नाहीत, गाजावाजा करून चूक दाखवून दिली. आता चांगल्या कंपन्या बीज घड्याळातून घेत नाहीत, आणि पिसणं नीट होतं म्हणून बाहेरच्या प्रयोगशाळेचा दाखलाही घेतात.

पण दाखला पिसण्याचा असतो, बघण्याचा नाही. पुढची गोष्ट त्याचीच आहे.

सप्टेंबर २००७. ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर हजार डॉलर प्रवेश फीची स्पर्धा झाली. जिंकणाऱ्याचं टोपणनाव पॉटरिपर. शेवटच्या हाताला समोरच्यानं सगळे पैसे लावले आणि पॉटरिपरनं तेवढेच लावून पानं उघडायला लावली, तेव्हा त्याच्याकडे सगळ्यात मोठं पान होतं दश्शी. जोडी नाही, काही नाही. शहाणा माणूस असं करत नाही. पण समोरच्याकडे त्याहूनही भंगार होतं. दुसरा आलेला क्रेझीमार्को, त्याला संशय आला, त्यानं कंपनीकडे स्पर्धेची नोंद मागितली. नेहमी अशा नोंदीत आपलीच पानं असतात. कंपनीनं त्याला एक एक्सेल फाइल पाठवली, तीत हजारो ओळी, प्रत्येक खेळाडूची झाकली पानं, आणि टेबलाशी कुठून कोण जोडलेलं होतं तेही! चुकून पाठवली, की आतल्या कुणी सज्जनानं मुद्दाम पाठवली, यावर लोक अजून वाद घालतात. मला दुसरी शक्यता आवडते, पण माझ्या आवडीला पुरावा नाही.

लोकांनी ती फाइल डोळ्यांत तेल घालून वाचली. टेबलावर एक बघ्या होता, ३६३ क्रमांकाचं खातं. तो यायच्या आधी पॉटरिपरनं पहिले दोन डाव सोडून दिले होते. बघ्या आला, आणि पुढची वीसेक मिनिटं पॉटरिपरनं मधली पानं उघडण्याआधी एकही डाव सोडला नाही. मग एकदा सोडला. त्या डावात दुसऱ्या एकाकडे राजांची जोडी होती. मामीनं हे दोन मिनिटांत ओळखलं असतं. शोध घेता घेता ते बघ्या खातं कंपनीच्याच घरात निघालं. आधी कंपनीनं कानांवर हात ठेवले, नंतर आतल्या माणसाचा हात असल्याचं कबूल केलं. काहनवाके गेमिंग कमिशन, म्हणजे कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक लोकांच्या प्रदेशातलं नियामक मंडळ, त्यांनी २००८ मध्ये पाच लाख डॉलर दंड ठोकला.

तोवर भगिनी साइट अल्टिमेटबेटचंही बिंग फुटलं. तिथे खेळाडूंनीच आकडेवारी मांडली. किती हात खेळला, किती जिंकला, प्रत्येक खेळाडूचा एक ठिपका. सगळे ठिपके एका ढगात आणि निओनिओ नावाचा एकच ठिपका पार वर, एकटा. त्याच कमिशननं मुख्य सूत्रधार म्हणून रस हॅमिल्टनचं नाव घेतलं. हा कोण, तर १९९४ चा पोकरचा जगज्जेता! त्या वर्षी विजेत्याला बक्षिसाबरोबर त्याच्या वजनाइतकी चांदी दिली होती. चांदीनं तुला झालेला माणूस. खेळाडूंना परत केलेली रक्कम दोन कोटी डॉलरच्या वर गेली.

मला यातली चोरी तितकी नवलाची वाटत नाही. पण ज्याला सगळी पानं दिसताहेत त्याला अधूनमधून मुद्दाम हरता येत नाही, याचं मात्र फार नवल वाटतं. दहातले चार डाव सोडले असते, तर कदाचित अजून खेळत असता. पण हरणार हे दिसत असताना पैसे टाकायचे आणि जिंकणार हे दिसत असताना पान खाली ठेवायचं, याला जी शिस्त लागते ती चोराकडे नसते.

सर्व्हर आपल्या हातात नसेल तर खेळाडूचा लॅपटॉप. २०१३ मध्ये फिनलंडचा येन्स क्युलेनेन बार्सिलोनाला स्पर्धेसाठी हॉटेलात उतरला होता. खोलीतला लॅपटॉप गायब झाला आणि थोड्या वेळानं जागेवर परत आला. त्याला शंका आली, त्यानं तो हेलसिंकीच्या एफ-सिक्युअर कंपनीला दाखवला. आत एक प्रोग्रॅम बसवलेला, त्याचा पडदा दूरवर दाखवणारा. दरवाजा फोडला नाही, पैसे नेले नाहीत. कपाट आणून ठेवलं.

२०२३ च्या डिसेंबरातलं जीजीपोकरचं प्रकरण तर मला कलाकुसरीचं वाटतं. खेळात अंगठा वर-खाली करून प्रतिक्रिया द्यायची एक सोय होती. नुसती सजावट. पण त्या सजावटीपायी सर्व्हर खेळाडूच्या यंत्राकडे जास्तीची माहिती पाठवत होता. मनीटेकर६९ नावाच्या एकानं आपल्या बाजूचं सॉफ्टवेअर बदलून त्यातून आपली जिंकण्याची शक्यता काढायला सुरुवात केली. पानं दिसत नव्हती, पण पारडं कुठे झुकलंय ते कळत होतं. कंपनीनं खातं बंद केलं आणि २९,७९५ डॉलर जप्त केले. प्रोग्रॅमर मंडळींना एवढंच सांगतो की, जे दाखवायचं नाही ते पाठवायचंच नसतं. पाठवून झाकणं म्हणजे गाठ मारलेली पारदर्शक पिशवी.

ज्याला यातली कसलीच बुद्धी लागत नाही तो प्रकार मात्र सगळ्यात जास्त चालतो. दोन मित्र, दोन फोन, एक टेबल. तेरा पानांच्या रमीत एकाला सव्वीस पानं कळली तर समोरच्याचं काय राहिलं? तुला बदामची सत्ती हवी, मी टाकतो. तिसऱ्याला गुलाम लागतोय, मी धरून ठेवतो. मेंढीकोटमध्ये नाक खाजवून हुकूम सांगणारे इथे बसलेत, मला दिसताहेत, त्यांना नवं काही सांगत नाही. कंपन्या बघतात की, दोघं एकाच वायफायवर आहेत का, सारखे एकत्रच बसतात का, एकमेकांविरुद्ध मऊ, म्हणजे हात राखून, खेळतात का. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिजच्या स्पर्धा ऑनलाइन गेल्या, तेव्हा काही नामांकित खेळाडूंनी दुसऱ्या खात्यानं प्रेक्षक म्हणून शिरून स्वतःच्याच टेबलाची चारही हातांची पानं पाहिल्याची कबुली दिली. ब्रिज! जिथे बहुतेक वेळा पैशांचाही प्रश्न नसतो.

यंत्रांबद्दल थोडक्यात. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी केलेल्या प्लुरिबस या प्रोग्रॅमनं सहा जणांच्या पोकरमध्ये अव्वल व्यावसायिकांना हरवलं. त्याला कुणाची पानं दिसत नव्हती. त्यामुळे आता समोर माणूसच आहे याची खात्री उरली नाही.

मग सर्व्हरशिवाय खेळताच येणार नाही का? येतं, आणि हे १९७९ पासून ठाऊक आहे. शमीर, रिव्हेस्ट आणि ॲडलमन, बँकेच्या व्यवहारांमागच्या आरएसए कुलुपाचे तेच जनक, यांनी एक युक्ती मांडली. समजा पुण्याची वहिनी आणि नागपूरची नणंद खेळताहेत. वहिनी बावन्न डब्यांत एकेक पान घालते, प्रत्येकाला आपलं कुलूप लावते, डबे सरमिसळ करून नागपूरला पाठवते. नणंद डोळे झाकून पाच डबे उचलून परत पाठवते, ती वहिनीची पानं, वहिनी उघडते. मग नणंद स्वतःसाठी पाच उचलते, त्यांवर आपलंही कुलूप चढवते आणि पाठवते. वहिनी आपलं कुलूप काढते, आत काय ते तिला कळत नाही, कारण नणंदेचं कुलूप आहे. डबे परत जातात, नणंद उघडते. झालं वाटप, मधे कुणी नाही! कुलपं गणिताची. पहिल्या कुलपांतून पानाचा किंचित वास येत होता, तो १९८२ मध्ये गोल्डवासर आणि मिकाली यांनी बंद केला. तरी हे बाजारात फारसं आलं नाही. डबे फार वेळा ये-जा करतात, मधेच एकीचं नेट गेलं तर डाव अडकतो, आणि डावात तिसरी असताना या दोघी फोनवर बोलत असतील तर कुठलंच कुलूप उपयोगाचं नाही. शिवाय कंपनीला आपल्याकडची किल्ली सोडावी लागते. ते कारण कुणी बोलून दाखवत नाही.

आपल्याकडे वाद झाला तो भलत्याच मुद्द्यावर. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, धरायचं काय, टाकायचं काय याला कौशल्य लागतं. पुढची पन्नासहून जास्त वर्षं सगळी भांडणं कौशल्य की नशीब यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायला बंदी आली. त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. मंत्रिमहोदयांनी खेळत असल्याचं नाकारलं, पण कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं. मी पुढे बोलत नाही. या सगळ्या वर्षांत, खेळ कौशल्याचा असेल, पण पानं कुणाकुणाला दिसतात, हा प्रश्न वादाच्या मध्यभागी कधी आला नाही. कौशल्य मोजता मोजता कपाटाकडे बघायचं राहून गेलं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "आमचे हे रोज रात्री फुकटची रमी खेळतात, पैसे नाहीत, तिथे कोण कशाला फसवेल?" ताई, फसवायला नाही, पण टेबल रिकामं दिसू नये म्हणून फुकटच्या बऱ्याच खेळांत संगणकच खेळाडू म्हणून बसवतात. त्यांना एक करायला सांगा. समोरचा पान टाकायला किती वेळ घेतो ते रात्रभर कागदावर लिहा. माणूस सोपं पान पटकन टाकतो आणि अवघड पानावर अडतो, मधेच चहाला उठतो. प्रत्येक पानाला सारखाच वेळ लागत असेल, तर समोर कुणी नाही. त्यांना हे आत्ता सांगायचं की डाव संपल्यावर, ते तुम्ही ठरवा.