मज्जातंतू तुटले तरी हृदय धडधडतं कसं?

हृदयरोपणात सर्जन महाधमनी जोडतात, फुप्फुस धमनी जोडतात, कर्णिका, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, शिवतात. मज्जातंतू मात्र कोणी जोडत नाही, कारण इतके बारीक धागे जोडणं शक्यच नसतं. तरी रक्त खेळू लागलं की नवं हृदय धडधडतं, कधी आपणहून, कधी विजेचा एक झटका दिल्यावर. १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं, तेव्हाही भरवसा हृदयाच्या याच गुणावर होता.

मग ठोक्याचा हुकूम सुटतो कुठून? उजव्या कर्णिकेच्या वरच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, सायनस नोड. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. हृदयाच्या बाकीच्या स्नायूपेशी एक ठोका झाला की पुढच्या इशाऱ्यापर्यंत स्वस्थ असतात. या पेशींना स्वस्थता माहीतच नाही. ठोका सरतो न सरतो तोच सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत झिरपू लागतात. पेशीचा विद्युतदाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तो हळूहळू उणे ४० कडे चढतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि पुढचा ठोका पडतो. आईच्या पोटात असल्यापासून हे अखंड चालू आहे. मला आजही याचं नवल वाटतं.

आता गंमत बघा. या पुंजक्याला त्याच्या मनावर सोडलं तर मिनिटाला साधारण १०० ठोके पडतात. तुम्ही आत्ता शांत बसला आहात, नाडी ७०-७५ असेल. म्हणजे निवांत वेळी मज्जासंस्था हृदयाला पळवत नाही, आवरून धरते! हा लगाम म्हणजे व्हेगस नर्व्ह. मेंदूच्या बुडातून निघून ती मानेतून छातीत उतरते. तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि तो चढ मंदावतो. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेतवली, त्या हृदयात भरलेला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला आणि तेही मंदावलं. मज्जातंतू रसायनातून बोलतो, हे त्यातून सिद्ध झालं.

मनगटावर बोटं ठेवा. सावकाश खोल श्वास घ्या, मग सोडा. घेताना नाडी किंचित जलद, सोडताना संथ. तरुणांना हा फरक जास्त जाणवेल. व्हेगसचा जोर श्वासागणिक कमीजास्त होतोय.

जिना चढू लागलात की आधी व्हेगस सैल पडते, मग सिंपथेटिक तंतूंमधलं, म्हणजे हृदयाला पळवणाऱ्या मज्जातंतूंमधलं, नॉरॲड्रेनलिन हे रसायन ठोके वाढवतं. रोपण झालेल्या माणसाकडे ही सोय नसते. त्याची नाडी बसल्या जागीच ९०-१०० असते आणि चढावर ती उशिरा वाढते, रक्तातून ॲड्रेनलिन पोचेल तेव्हा. म्हणून त्याला व्यायामाआधी वॉर्मअप नीट करायला आणि थांबताना हळूहळू थांबायला सांगतात. वेदना कळवणारे तंतूही तुटलेले असल्याने रक्तवाहिनी अरुंद झाली तरी छातीत कळ येईलच असं नाही. त्यामुळे त्रास नसतानाही त्याची अँजिओग्राफी ठरावीक काळाने करतात.