वरून मोजलेलं देवनार

[दृश्य: ड्रोनमधून देवनार, खाडीच्या अंगाने आत येताना]

हा हिरवा पट्टा ठाणे खाडीच्या खारफुटीचा. पलीकडे दिसतात ती बैंगनवाडी, रफीक नगर, शिवाजी नगरची पत्र्याची छपरं. आणि या दोन्हींच्या मधोमध पसरलेलं हे करडं, ओबडधोबड पठार म्हणजे देवनारचं डम्पिंग ग्राउंड. 1927 सालापासून मुंबईचा कचरा इथे येऊन पडतोय. जागा सुमारे 132 हेक्टर. काही ठिकाणी ढीग दहा-बारा मजली इमारतीएवढे चढले आहेत.

ड्रोन उडवायला परवानगी लागते, आणि बॅटरी अर्ध्या तासात संपत येते. आत शिरायचं तर फाटक आहे, पहारा आहे. वरून जाणाऱ्या उपग्रहाला यातलं काहीच आडवं येत नाही. म्हणून देवनारचा हिशोब आपण तिथून मांडून बघणार आहोत.

[दृश्य: जानेवारी 2016, आगीचं चित्रीकरण, धुरात बुडालेले रस्ते]

जानेवारी 2016 च्या शेवटच्या आठवड्यात देवनार पेटलं. अग्निशमन दलाच्या गाड्या रात्रंदिवस पाणी मारत होत्या, पण आग ढिगाच्या पोटात होती. वरून विझवावी तर बाजूने धूर निघायचा. आसपासच्या महापालिकेच्या सत्तरहून जास्त शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

[दृश्य: नासाचं उपग्रहचित्र, धुराचा पट्टा]

हे त्याच दिवसांतलं, नासाच्या उपग्रहाने टिपलेलं चित्र. देवनारच्या ठिपक्यापासून निघालेला धुराचा पट्टा शहरावर कसा पसरलाय, ते बघा. गोवंडीतले लोक वर्षानुवर्षं जे सांगत होते, ते सगळ्या जगाला एका चित्रात दिसलं.

पण धूर दिसला म्हणजे आग लागून गेलेली असते. त्याच्या आधीचं काही दिसतं का? दिसतं.

[दृश्य: प्रयोगशाळा, संगणकाच्या पडद्यावर सेंटिनेल-2 चं चित्र उघडताना]

युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, नवीन चित्र. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. आपल्या डोळ्यांना दिसणारे रंग त्यात आहेतच, शिवाय न दिसणारेही आहेत. निरोगी पान त्यातला ‘जवळचा अवरक्त’, म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, प्रकाश भरपूर परत फेकतं. या चित्रात तो लाल रंगाने दाखवलाय, म्हणून खारफुटी अशी लालभडक दिसते. उघडा कचरा तसा परत फेकत नाही. त्यामुळे हद्द आपोआप उमटते. मागच्या वर्षीचं चित्र या वर्षीच्या चित्रावर ठेवलं, की ढीग कुठे सरकला, खारफुटीचा कुठला कोपरा फिका पडला, हे कुणाला विचारावं लागत नाही.

[दृश्य: तापमानाचा नकाशा, निळ्याकडून लालकडे]

हा दुसरा नकाशा अमेरिकेच्या लँडसॅट या उपग्रहाचा. याची उष्णता मोजणारी नजर जाड आहे, शंभर मीटरची. पण कचऱ्यासाठी तेवढी कामाची ठरते. कुजताना कचरा स्वतःच तापतो. आजूबाजूची जमीन आणि खाडी निळी-हिरवी, आणि मधलं पठार तांबडं. हे एखाद्या दिवशी दिसलं तर त्यावर उन्हाचा परिणाम असू शकतो. पण त्याच जागेचा तोच डाग चित्रामागून चित्रात शेजारच्या ढिगांपेक्षा गरम राहिला, तर आत काहीतरी धुमसतंय असं समजून माणूस पाठवायला हवा. आग लागल्यावर बंब पाठवण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

[दृश्य: दोन कोनांतली चित्रं, त्यांवरून तयार होणारी उंचीची प्रतिकृती]

आता उंची. इस्रोने मे 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 वर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, एक किंचित मागे. एकच जागा दोन कोनांतून बघितली की तिची उंची काढता येते, आपले दोन डोळे करतात तसंच. उंची कळली की घनफळ कळतं. दोन तारखांची घनफळं वजा केली की ढिगात किती भर पडली किंवा किती उपसलं गेलं, ते समोर येतं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण देवनारचा जुना कचरा उपसून जागा मोकळी करण्याचं काम 2025 मध्ये निविदेला निघालं. सुमारे 185 लाख टन कचरा, आणि दोन हजार कोटींच्या वर खर्च. अशा कामाचा हिशोब वजनकाट्याच्या पावत्यांवर चालतो. पावत्या कार्यालयात राहतात. ढीग मात्र उघड्यावर आहे, आणि त्याची उंची कुणालाही मोजता येते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी जाहीर व्हायला हवेत. इतकी साधी मागणी आहे.

[दृश्य: मिथेनचा नकाशा, मुंबईवरचा ठळक चौकोन]

आणि आता, डोळ्यांना अजिबात न दिसणारी गोष्ट. मिथेन.

ओला कचरा ढिगाखाली दबला, हवा मिळेनाशी झाली, की तो मिथेन सोडायला लागतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता धरून ठेवतो, आणि वीस वर्षांचा धरला तर ऐंशी पटींहून जास्त. शिवाय तो पेट घेतो, म्हणून या आगी विझता विझत नाहीत.

त्याला वरून कसं पकडायचं? सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटतो, परत वर जातो. या प्रवासात मिथेन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. वर पोचलेल्या प्रकाशात नेमका तेवढा भाग कमी भरतो. जितका कमी, तितका मिथेन जास्त.

ऑक्टोबर 2017 मध्ये गेलेल्या सेंटिनेल-5पी या उपग्रहावर ट्रोपोमी नावाचं उपकरण आहे. ते रोज, दुपारी दोनच्या आसपास, मुंबईवरून जातं. पण त्याचा एक चौकोन काही किलोमीटरचा. गोवंडी, चेंबूर, मानखुर्द सगळं एकाच चौकोनात. शहर दोषी आहे एवढं कळतं, जागा कळत नाही. तिथे जीएचजीसॅट या कॅनडाच्या कंपनीचे लहान उपग्रह मदतीला येतात. पंचवीस-तीस मीटरपर्यंत बारीक बघणारे, पण छोट्याच तुकड्यावर रोखावे लागणारे. आधी मोठ्या नजरेने शहर हेरायचं, मग बारीक नजर नेमकी डम्पिंगवर लावायची. त्यात वाऱ्याचा वेग मिसळला, की ताशी किती टन वायू सुटतोय ते निघतं.

[दृश्य: बारीक चित्रात वाऱ्याबरोबर लांबत गेलेला वायूचा झोत]

नेदरलँड्सच्या एसआरओएन या अंतराळ संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असंच केलं. दिल्ली, लाहोर, मुंबई आणि ब्युनोस आयर्स. 2022 मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये निष्कर्ष छापून आले. मुंबईतल्या एका कचराभूमीतून सरासरी ताशी 9.8 टन मिथेन. आणि या चार शहरांमधून प्रत्यक्षात बाहेर पडणारा मिथेन नेहमी वापरल्या जाणाऱ्या अंदाजांपेक्षा 1.4 ते 2.6 पट जास्त. कागदावरचा अंदाज आणि हवेतलं मोजमाप यांतलं हे अंतर आहे. ते भरून काढायची जबाबदारी मोजणाऱ्याची नाही.

[दृश्य: जुलै, ढगांनी पूर्ण झाकलेली मुंबई]

एक अडचण आहेच. जून ते सप्टेंबर हे असं चित्र येतं. नुसते ढग. तेव्हा रडार कामाला येतं. रडार स्वतःच लहरी पाठवतं आणि परत आलेल्या ऐकतं, ढग असोत की रात्र. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार उपग्रह गेला, इस्रो आणि नासाने मिळून बनवलेला. दर बारा दिवसांनी तो त्याच मार्गावरून जातो. ज्या भागावर नवा कचरा पडत नाही, तिथे जमीन किती खचतेय ते त्याच्या लहरींवरून कळू शकतं. पावसात ढिगाचा उतार घसरण्याची भीती असते, तेव्हा ही खबर मोलाची.

[दृश्य: रफीक नगरची गल्ली, शाळेत निघालेली मुलं, दवाखान्यातली रांग]

या वस्तीत क्षयरोग मुंबईच्या बहुतेक भागांपेक्षा जास्त आहे. कचराव्यवस्थेच्या दुरवस्थेमुळे उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईत नव्या बांधकामांना मनाई केली होती. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सशर्त शिथिल केली.

[दृश्य: परत संगणकाचा पडदा, नकाशावर देवनार]

यासाठी लागणारी बरीचशी चित्रं आज खुली आहेत. कोपर्निकस ब्राउझर नावाचं संकेतस्थळ उघडा. शोधाच्या रकान्यात 19.07 उत्तर, 72.93 पूर्व टाका. सेंटिनेल-2 निवडा. पाऊस संपल्यानंतरची, ढग नसलेली तारीख घ्या, आणि तिच्या शेजारी बरोबर वर्षापूर्वीची तारीख. हद्द बदलली असेल तर दोन्ही चित्रं जतन करा, तारखा लिहून ठेवा, आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज करताना सोबत जोडा.