बर्फफोड्या बोटीचा इंजिनिअर

(दृश्य : नेव्हा नदी, धक्क्याला लागलेली बोट)

सेंट पीटर्सबर्ग. ही ‘क्रासिन’ बोट. आता तिचं संग्रहालय झालंय.

जरा नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे बघा. खालच्या अंगाला ती आत वळत गेलीय. बर्फ समोर आला की बोट त्याच्यावर चढते आणि आपल्या वजनाने तो फोडते. पोटात वाफेची इंजिनं, सुमारे १० हजार अश्वशक्तीची. वरचा डोलारा १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीत नेऊन बदलला, पण जन्म इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा.

(दृश्य : टाइन नदी, जुनी छायाचित्रं)

१९१६-१७ साली रशियासाठी इथे अशा बोटी बांधल्या जात होत्या. कामावर देखरेख करणाऱ्या रशियन इंजिनिअरांत एक होते येवगेनी झाम्यातिन. हातात आराखडे आणि डोक्यात गोष्टी. ऑक्टोबर क्रांतीच्या तोंडावर ते मायदेशी परतले आणि १९२०-२१ मध्ये ‘आम्ही’ ही कादंबरी लिहून काढली.

(दृश्य : बोटीवरचे दाब-मापक, काटे, झडपा)

कादंबरीत दोनशे वर्षांच्या युद्धात जुनं जग संपलंय. उरलेल्यांनी शहराभोवती हिरवी भिंत घातलीय. माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरं काचेची, पडदा ओढायचा तर गुलाबी कुपन लागतं. प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, तोही सगळ्यांनी एका तालात. आणि प्राचीन वाङ्मयातली थोर कलाकृती कुठली? रेल्वेचं वेळापत्रक! हे सांगणारा डी-५०३ अवकाशयान बांधतो. म्हणजे पुन्हा इंजिनिअरच. यंत्राच्या लयीवर तो असा काही भाळलाय की ही पानं कारखान्यात उभं राहून लिहिल्यासारखी वाटतात.

मायदेशी ही कादंबरी छापायला परवानगी मिळाली नाही. ना खटला, ना निकाल. हस्तलिखित तेवढं हातोहात फिरलं. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी अनुवाद निघाला. १९२७ साली प्रागच्या एका रशियन नियतकालिकाने काही भाग छापले. लेखकावर बालंट येऊ नये म्हणून मूळ मजकुरात मुद्दाम फेरफार केले, चेक भाषेतून उलटा अनुवाद केल्याचं भासवलं.

(दृश्य : १९२८ची फिल्म, बर्फातून वाट काढणारी बोट)

त्याच १९२७ साली या बोटीला ‘क्रासिन’ हे नाव मिळालं. आधी ती ‘स्व्यातोगोर’ होती. पुढच्या वर्षी उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवरून परतताना ‘इटालिया’ हे इटालियन वायुजहाज (एअरशिप) कोसळलं. बर्फावर अडकलेल्या त्या लोकांना ‘क्रासिन’ने सोडवलं आणि तिचं नाव जगभर झालं. १९२९ साली वर्तमानपत्रं झाम्यातिनवर तुटून पडली. निमित्त प्रागचं. त्यांनी लेखक संघटनेचा राजीनामा दिला. १९३१ साली थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली. लेखक मॅक्सिम गॉर्कींनी शब्द टाकला, परवानगी मिळाली.

१९३७ साली ते पॅरिसमध्ये वारले. सोव्हिएत वाचकांपर्यंत ‘आम्ही’ पोहोचली ती १९८८ मध्ये, ‘झ्नाम्या’ मासिकातून.