गिऱ्हाईकाच्या हाती गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या भरभराटीचा विषय निघाला की आधी मोटारी आठवतात. मी मात्र आज किराण्याच्या टोपलीबद्दल बोलणार आहे.

1916 पर्यंत तिकडचं किराणा दुकान आपल्या वाण्याच्या दुकानासारखंच होतं. माल काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाईक अलीकडे. यादी सांगायची, नोकरानं पिंपातून काढायचं, तोलायचं, पुडी बांधायची. त्या सप्टेंबरात टेनेसीतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. शिरताना फिरतं फाटक, प्रत्येक वस्तूवर किंमत, आणि तुमचं सामान तुम्हीच उचलायचं. वाट अशी आखलेली की सगळ्या फळ्यांसमोरून गेल्याशिवाय गल्ल्यापर्यंत पोचताच येऊ नये. मीठ घ्यायला आलेली बाई मुरंबा बघूनच बाहेर पडणार! नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला. पुढं 1923 मध्ये शेअरबाजारात साँडर्स यांचे हात पोळले आणि कंपनी गेली. बांधायला घेतलेला गुलाबी संगमरवरी वाडाही गेला. आज तिथं संग्रहालय आहे, आणि त्यात त्या पहिल्या दुकानाची हुबेहूब प्रतिकृती!

पण एक अडचण उरलीच होती. टोपली जड झाली की खरेदी थांबते. ओक्लाहोमा सिटीतले दुकानमालक सिल्व्हन गोल्डमन यांच्या हे ध्यानात आलं. घडीच्या खुर्चीकडे बघता बघता त्यांना युक्ती सुचली: बैठकीच्या जागी एक टोपली, खाली दुसरी, पायांना चाकं. 1937 मध्ये गाड्या दुकानात आल्या, आणि कुणी हात लावेना. तरुण पुरुषांना कमीपणा वाटे. बायका म्हणत, बाबागाडी ढकलून आधीच जीव विटलाय. मग गोल्डमन यांनी पगारी माणसं ठेवली, तरुण आणि वयस्कर, बाया आणि बाप्ये. त्यांचं काम एवढंच की गाड्या ढकलत दुकानभर हिंडायचं. ते बघून खरी गिऱ्हाइकं पुढं झाली. मला हा माणूस साँडर्सपेक्षाही चलाख वाटतो.

महायुद्धानंतर शहराबाहेर घरं झाली, दारात मोटार आणि स्वयंपाकघरात फ्रिज आला. रोजची खरेदी आठवड्यावर गेली आणि गाडीही फुगत गेली. 1974 च्या जूनमध्ये ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पुड्यावरचा बारकोड दुकानातल्या यंत्रानं पहिल्यांदाच वाचला. पुढं हळूहळू गल्ल्यावर एकेक किंमत टिपायचं कामही माणसाकडून सुटलं. आज अमेरिकेच्या एकूण उत्पन्नातला जवळपास दोन तृतीयांश वाटा सामान्य माणसांच्या खर्चाचा आहे. आकडा मोठा आहे, आणि त्यातला काही भाग अशाच चाकांवरून ढकलला गेलाय.

मावसबहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा एका दुकानात गल्ल्यावर माणूसच नव्हता. स्वतःच बारकोड दाखवायचा, स्वतःच पिशवी भरायची. मी कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि यंत्र ओरडलं. तोलायची राहिली होती म्हणे. बहीण हसून म्हणाली, "दादा, इथं वाणी पण तूच, नोकर पण तूच!"

मी मुकाट्यानं जुडी उचलली आणि तोलायला ठेवली.