बाबाने टिमीला लेहला नेलं

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत पायदळातल्या निवृत्त अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना पूर्ण नाव, हुद्दा, पदकं सगळं वाचून दाखवलं. एकही चूक नव्हती. पण एवढ्या माहितीवर माझ्या पलटणीत कुणाला मी सापडलो नसतो. तिथे माणूस शोधायचा तर त्याचं दुसरं नाव ठाऊक असावं लागतं, आणि आज मी त्या दुसऱ्या नावांबद्दल बोलणार आहे.

आधी एक वाक्य ऐका. ‘बाबाने टिमीला लेहला नेलं.’ उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी काका पुतण्याला फिरवून आणतोय, असं वाटतं की नाही? ही २४ मे १९४८ ची गोष्ट आहे. बाबा म्हणजे एअर कमोडोर मेहर सिंग, हवाई दलातले नावाजलेले वैमानिक. टिमी म्हणजे मेजर जनरल थिमय्या, जे पुढे भूदलप्रमुख झाले. लेहवर टोळीवाले चालून येत होते, जमिनीवरून कुमक पोचायला वेळ नव्हता. १०,५०० फुटांच्या वर घाईघाईने केलेली कच्ची धावपट्टी, तोवर तिथे एकही विमान उतरलेलं नाही. मेहर सिंगांनी डकोटा हे मालवाहू विमान काढलं, थिमय्या त्यात बसले आणि विमान लेहला उतरलं. लडाख हातचं गेलं नाही, त्यात या उड्डाणाचा वाटा फार मोठा आहे. मेसमध्ये मात्र हा सगळा इतिहास चार शब्दांत सांगून होतो. ऐकणाऱ्याला बाबा कोण आणि टिमी कोण हे माहीत असतंच. नसेल तर तो आमच्यातला नव्हे.

आता दोन फील्ड मार्शल घेऊ. आपल्या देशाला आजवर दोनच मिळाले. करिअप्पांना त्यांचे बरोबरीचे अधिकारी ‘किपर’ म्हणत. फतेहगडला राजपूत पलटणीत असताना एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला करिअप्पा हा उच्चार जमेना, म्हणून तिने किपर केलं. किपर म्हणजे धुरी दिलेला सुका मासा, इंग्रज लोक न्याहारीला खातात. कोडगूचा हा ताठ कण्याचा माणूस, १५ जानेवारी १९४९ ला भारतीय सैन्याचा पहिला भारतीय सरसेनापती झाला, आणि जन्मभर मित्रांमध्ये सुका मासाच राहिला.

दुसरे माणेकशॉ. सॅम होरमुसजी फ्रामजी जमशेदजी माणेकशॉ. गोष्ट अशी सांगतात, की भूदलप्रमुख असताना ते ८ गोरखा रायफल्सच्या एका पलटणीत गेले आणि एका जवानाला विचारलं, माझं नाव काय? एवढं लांबलचक पारशी नाव त्या पोराच्या तोंडी कुठलं बसायला! त्याने सलाम ठोकून सांगितलं, ‘साम बहादुर, साब!’

बघा, दोन्ही नावं उच्चार जमला नाही म्हणून पडली. पण एक मेमसाहेबाने दिलं आणि एक शिपायाने. किपर हे नाव क्लबात आणि मेसमध्येच राहिलं. कुठल्याही जवानाने करिअप्पांचा उल्लेख किपर म्हणून केला असेल, असं मला वाटत नाही. साम बहादुर मात्र बॅरकीतून निघालं आणि देशभर गेलं, कारण ते गोरख्याने आपल्या नावातला बहादुर काढून साहेबाला दिलं होतं. माणेकशॉंची सुरुवात गोरखा पलटणीत झालेली नव्हती, फाळणीआधी ते फ्रंटियर फोर्सचे अधिकारी होते. तरी गोरख्यांनी त्यांना घरातला केला. माझ्या मते त्यांच्या बॅटनपेक्षा, म्हणजे फील्ड मार्शलच्या मानाच्या दंडापेक्षा, हा मान मोठा. इथे बसलेल्या काही मंडळींना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे.

आपल्याकडे वरून दिलेल्या नावांची परंपरा जुनी आहे. कुडतोजी गुजरांना महाराजांनी प्रतापराव केलं, हंसाजी मोहित्यांना हंबीरराव केलं. मूळ नावं आज शाळेतल्या मुलांना सांगावी लागतात. पण त्या पदव्या. त्या दरबारात मिळतात, वस्त्रांसह मिळतात. मी बोलतोय ते नाव लंगरच्या, म्हणजे जवानांच्या जेवणाच्या, रांगेत मिळतं आणि त्याबरोबर काही मिळत नाही.

खालून दिलेल्या नावाचं एक जुनं उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. जेम्स स्किनर. बाप स्कॉटिश, आई राजपूत. हा आधी शिंद्यांच्या फौजेत होता, म्हणजे मराठ्यांचा नोकर. १८०३ ला इंग्रज-मराठे युद्ध पेटलं तेव्हा त्याला तिथून निघावं लागलं. शिंद्यांकडचे काही स्वार इंग्रजांकडे आले. जनरल लेकने त्यांना विचारलं, तुमचा सरदार कोण हवा? म्हणतात, ते एका आवाजात ओरडले, ‘सिकंदर साहेब!’ स्किनरचा सिकंदर झाला होता, आणि तोही जगज्जेत्या सिकंदराच्या थाटात. त्याच्या स्वारांचे अंगरखे पिवळे, म्हणून ते ‘यलो बॉइज’. ती रेजिमेंट स्किनर्स हॉर्स म्हणून आजही आहे, फक्त घोडे जाऊन रणगाडे आले.

मोठ्या माणसांचं पुरे. साध्या शिपायाला नाव का पडतं? पहिलं कारण अगदी रोकडं आहे. गोरखा पलटणीत जाऊन ‘गुरुंग!’ अशी हाक मारली तर अर्धी बॅरक उभी राहते. म्हणून त्यांच्याकडे आर्मी नंबरचे शेवटचे दोन आकडे हेच नाव. ‘बावीसला बोलवा, सत्तरला पाठवा.’ आमच्या मराठा पलटणीत तीच गत जाधव, पाटील, शिंदे यांची. इंग्रजांनी यावर सोपा तोडगा काढला होता. तिकडे आडनाव व्हाइट असलं की तो चॉकी, म्हणजे खडूसारखा, मिलर असला की डस्टी, म्हणजे धुळकट, कारण पिठाच्या गिरणीवाला. माणूस कसा का असेना, आडनावाबरोबर टोपणनाव फुकट. मला हा प्रकार आळशीपणाचा वाटतो. नाव कमवावं लागतं.

कसं कमावतात ते सांगतो. आमच्या कंपनीत एक जाधव होता, सिग्नलचा ऑपरेटर. रेडिओवर समोरच्याला थांबवायचं असेल तर ऑपरेटर म्हणतो, ‘वेट आउट’. म्हणजे थांब, मी पुन्हा बोलावतो. उंचावरच्या पोस्टवर एक हिवाळा काढला आणि याच्या तोंडात ते शब्द बसले ते बसले. लंगरात वाढपी विचारायचा, भात का पोळी? हा म्हणायचा, वेट आउट. पहाटे स्टँड-टूला, म्हणजे मोर्चावर सज्ज व्हायच्या वेळी, कुणी हलवलं, की रजईतून आवाज, वेट आउट. नाव पडायला आठवडासुद्धा लागला नाही.

पुढे पलटण पीस स्टेशनला, म्हणजे सरहद्दीपासून लांबच्या छावणीत, आली. एके दिवशी याचे वडील न कळवता गेटवर हजर. धोतर, टोपी, हातात लाडवांचा डबा. गार्डवरच्या पोराने नाव विचारलं. म्हाताऱ्याने मुलाचं पूर्ण नाव, गाव, तालुका सांगितला. पोरगा डोकं खाजवतोय. कुठला जाधव? मग म्हातारा म्हणाला, ‘आवो, ते बिनतारीवर बोलतंय न्हवं का!’ पोराचा चेहरा उजळला. ‘असं होय! तुम्ही वेटआउटचे वडील!’ आणि तो आत धावला. जाधव बाहेर येतो तोवर म्हातारा तापलेला. ‘बारशाला तुझ्या आत्यानं एवढं चांगलं नाव ठेवलं, त्याचं हे काय केलंस रे?’ जाधवला घाम फुटला आणि तोंडातून निघालं, ‘आबा, वेट आउट.’ त्या दिवशी अख्ख्या क्वार्टर गार्डने शिस्त सोडली आणि मी तिकडे काणाडोळा केला.

अधिकाऱ्यांची नावं एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पडतात, तिकडे खडकवासल्याला, बहुधा पहिल्या टर्मलाच. अठरा वर्षांची पोरं, दिवसभर रगडा, रात्री झोप नाही. कुणी एकदाच काहीतरी वेडपट करतो आणि पुढची चाळीस वर्षं ते फेडतो. नाव देणारे कोर्समेट, म्हणजे एकाच तुकडीतले सोबती, वापरणारेही तेच. पुढे एक लेफ्टनंट जनरल होतो, दुसरा कर्नलवर थांबतो. ऑफिसात कर्नल सलाम करतो, ‘सर’ म्हणतो. संध्याकाळी जनरलच्या घरी पाय टाकला की जनरलचा पुन्हा ‘टबी’ होतो. हे चालतं. पण कर्नलच्या हाताखालचा मेजर तेच नाव तोंडातून काढेल तर मामला संपला. कोण कुणाला कुठल्या नावाने आणि कुठे हाक मारतो एवढं पाहिलं, तरी पलटणीची सगळी रचना कळते.

जवान आपल्या साहेबाला जे नाव ठेवतात ते साहेबाला कधीच कळत नाही. ड्रायव्हरला माहीत असतं, सहायकाला माहीत असतं, दोघं मुके. मला माझं कळलं ते निरोपाच्या बडाखान्याला, म्हणजे सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाला, सुभेदार मेजर साहेबांनी कानात सांगितलं तेव्हा. नाही, इथे सांगणार नाही. तिसऱ्या रांगेत माझे दोन कोर्समेट बसलेत, त्यांनीही कृपया गप्प राहावं.

पलटणींनाही नावं असतात. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन ‘जंगी पलटन’, दुसरी ‘काली पांचवीं’. इतर फौज आम्हां मराठ्यांना सरसकट ‘गणपत’ म्हणते, मद्रासच्या जवानाला ‘थंबी’, गढवाल्याला ‘भुल्ला’. थंबी काय, भुल्ला काय, दोन्हींचा अर्थ धाकटा भाऊ. सातारकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे गावालासुद्धा असं नाव आहे. मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. पूना हॉर्सला तर शत्रूने नाव दिलं, ‘फख्र-ए-हिंद’, असं त्या रेजिमेंटमध्ये अभिमानाने सांगतात. १९६५ ला तारापोर आणि १९७१ ला अरुण खेत्रपाल, दोघेही याच रेजिमेंटचे, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. तेव्हा शत्रूने तसं म्हटलं असेल तर नवल नाही.

शत्रूच्या तोंडी नाव जाण्याचं अलीकडचं उदाहरण कारगिलचं. कॅप्टन विक्रम बत्रा, १३ जॅक रायफल्स, म्हणजे जम्मू-काश्मीर रायफल्स. ‘शेरशाह’ हे त्यांचं रेडिओवरचं सांकेतिक नाव, कमांडिंग ऑफिसरने दिलेलं. सांकेतिक नाव खरं तर ओळख लपवायला असतं. पण जून १९९९ मध्ये पॉइंट ५१४० घेतल्यावर पलीकडच्या रेडिओवरही ते नाव ऐकू येऊ लागलं. ७ जुलैला पॉइंट ४८७५ वर ते पडले. लपवायला दिलेलं नाव आज लहान पोरांना पाठ आहे.

हवाई दलात नावांची हौस आमच्यापेक्षा जास्त. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लायसँडर विमान उडवणारे, डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक दोनदा मिळवणारे मजुमदार अंगाने भक्कम, म्हणून ‘जंबो’. पण मला सगळ्यांत आवडतं ते निर्मलजित सिंग सेखोंचं. हा माणूस भेटेल त्याला ‘ब्रदर’ म्हणायचा. शेवटी सगळे त्यालाच ब्रदर म्हणायला लागले. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर सहा पाकिस्तानी सेबर विमानं बॉम्ब टाकत असताना ब्रदरने आपलं नॅट विमान वर काढलं आणि त्या सहांशी तो झुंजला. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्याचं आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळी नावं गमतीची नसतात. अमेरिकेचा जनरल पर्शिंग काळ्या सैनिकांच्या १० व्या कॅव्हलरीत, म्हणजे घोडदळात, होता. पुढे तो वेस्ट पॉइंटला, अमेरिकेच्या लष्करी अकादमीत, शिकवायला गेला, आणि त्याच्या कडकपणावर चिडलेल्या कॅडेटांनी त्याला त्यावरून एक गलिच्छ शिवी चिकटवली. तीच सौम्य होत होत ‘ब्लॅक जॅक’ झाली आणि आज ती शौर्याची खूण वाटते. आपण साळसूदपणे तिकडे बोट दाखवू नये. रंगावरून, गावावरून, जातीकडे बोट जाईल अशी नावं आपल्याकडेही पडतात. आमच्या कंपनीत एका सावळ्या पोराला असंच एक नाव पडलं होतं. तो हसायचा, पण हळूहळू जेवायला एकटा बसू लागला. मी रोल कॉलला तंबी देणार होतो. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, ‘साहेब, हुकमाने नाव पुसत नाही, उलट पक्कं होतं.’ पोराचा नेम चांगला होता. पुढच्या फायरिंगनंतर साहेबांनी त्याचं टार्गेट सगळ्यांसमोर धरलं आणि त्याला ‘बुल’ म्हणून हाक मारली, बुल्स आयमधला, म्हणजे निशाण्याच्या मधल्या ठिपक्यातला, बुल. रोज मारत राहिले. दिवाळीपर्यंत जुनं नाव गेलं. अधिकारी म्हणून मी जे शिकलो त्यातलं बरंचसं कुठल्याही कोर्सला शिकवत नाहीत.

मागच्या बाजूने चिठ्ठी आली आहे. एनडीएत आता मुली आहेत, त्यांनाही अशी नावं पडत असतील का? मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली आणि ३० मे २०२५ ला १७ जणी पास आउट झाल्या. अहो, तीन वर्षं एकत्र रगडा खाल्ल्यावर नाव न पडून कसं चालेल! पण ती नावं त्यांच्या कोर्समेटांची. त्यांच्याहून ऐंशी-नव्वद कोर्स सीनियर असलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याने विचारलं, तर त्यांनी खुशाल ‘नो सर’ म्हणावं.